टीव्हीच्या सिग्नलचे पोलरायझेशन (लहरींच्या कंपनाची दिशा) आडवे की उभे, हे अँटेना चढवण्याआधी कसे ओळखावे? (शेफील्ड, इंग्लंड)

वॉकलीकर

नमस्कार मंडळी. आम्ही नुकतेच शेफील्डच्या वॉकली भागात, उत्तरेकडे उतरत जाणाऱ्या टेकडीवरच्या एका घरात राहायला आलो आहोत. धुराड्याला अँटेनाचा खांब आहे आणि तेथून पोटमाळ्यापर्यंत आलेली केबलही सुस्थितीत आहे, परंतु खांबावर अँटेना मात्र नाही. फ्रीव्ह्यूच्या, म्हणजे ब्रिटनमधील मोफत डिजिटल टीव्ही सेवेच्या, वाहिन्या पाहता याव्यात म्हणून नवा अँटेना बसवायचा आहे, आणि तो कोणत्या दिशेला व कसा बसवावा याविषयी शेजारच्या छपरांकडे पाहून अंदाज घ्यावा म्हटले, तर गोंधळ अधिकच वाढला. आमच्या रस्त्यावर काही घरांचे अँटेना उत्तर-वायव्येकडे तोंड करून आहेत आणि त्यांच्या काड्या जमिनीला समांतर आहेत. काहींचे नैर्ऋत्येकडे, म्हणजे टेकडीच्या माथ्याकडे, वळलेले असून त्यांच्या काड्या उभ्या आहेत. आणि दोन-तीन घरांवर तर नुसती एकच उभी काडी आहे, जिला दिशा अशी काही दिसतच नाही.

माझे बालपण मुंबईत गेले. तेथे गच्चीवरच्या सगळ्या अँटेनांच्या काड्या आडव्याच असत आणि वाऱ्याने किंवा कावळ्यांनी अँटेना हलला की तो फिरवून पुन्हा वरळीच्या दिशेला लावणे एवढेच काम असे. काडी उभीसुद्धा असू शकते, हा विचार येथे येईपर्यंत मनात आला नव्हता.

माझ्याकडे लॅपटॉपला जोडण्याचा एक साधा एसडीआर डाँगल (रेडिओ सिग्नल संगणकावर दाखवणारे छोटे यंत्र) आणि एक छोटा लॉग-पिरिऑडिक अँटेना (लहान-मोठ्या काड्यांचा, एका दिशेला तोंड असलेला) आहे. एवढ्या साहित्यावर सिग्नलचे पोलरायझेशन स्वतः मोजून ठरवता येईल का? दूरध्वनीवर बोललेल्या एका अँटेनावाल्याने “डिजिटल सिग्नलला आडवे-उभे याने काही फरक पडत नाही” असे सांगितले. ते मला पटलेले नाही. आणि दोन्ही प्रकारचे सिग्नल येथे येतच असतील, तर अँटेना ४५ अंशांत तिरका लावून दोन्ही पदरात पाडून घेता येतील का?

शिडीवाला

मोजमापाकडे वळण्यापूर्वी कागदावर जे उपलब्ध आहे ते पाहून घ्यावे, कारण ब्रिटनमध्ये ही माहिती गुप्त नाही. फ्रीव्ह्यूच्या संकेतस्थळावर पोस्टकोड दिला की सविस्तर निकालात आपल्या घरी कोणकोणत्या केंद्रांचे सिग्नल अपेक्षित आहेत आणि त्यांचे यूएचएफ (टीव्हीसाठी वापरल्या जाणाऱ्या वारंवारतांच्या पट्ट्यातले) चॅनेल क्रमांक कोणते, हे कळते. प्रक्षेपण केंद्रांचा तांत्रिक तपशील ऑफकॉम ही नियामक संस्था प्रसिद्ध करते, आणि त्यात प्रत्येक केंद्राचे पोलरायझेशनही दिलेले असते.

आपल्या बाबतीत दोन केंद्रांचा विचार करावा लागेल. पहिले एम्ली मूर, हे हडर्सफील्डजवळचे मुख्य केंद्र असून शेफील्डच्या मध्यापासून सरळ रेषेत सुमारे २८ किलोमीटरवर, उत्तर-वायव्येला आहे आणि त्याचे प्रक्षेपण आडवे आहे. (तेथे आधी असलेला पोलादी मनोरा मार्च १९६९ मध्ये बर्फाच्या भाराने कोसळला, आज दिसतो तो काँक्रीटचा, तीनशे मीटरांहून उंच मनोरा १९७१ पासूनचा आहे.) दुसरे क्रॉसपूल, म्हणजे आपल्याच शहराच्या पश्चिम भागातल्या टॅप्टन हिलवरचे सहायक केंद्र, त्याचे प्रक्षेपण उभे आहे. तेव्हा आपल्या रस्त्यावरचे पहिल्या प्रकारचे शेजारी एम्ली मूर पाहतात आणि दुसऱ्या प्रकारचे क्रॉसपूल पाहतात, असा सरळ अर्थ निघतो.

एकट्या उभ्या काडीचा टीव्हीशी बहुधा संबंध नाही. ब्रिटनमध्ये डॅब, म्हणजे डिजिटल, रेडिओचे प्रक्षेपण उभ्या पोलरायझेशनने होते आणि त्यासाठी छपरावर अशीच एक उभी काडी लावतात. शेजाऱ्यांची छपरे पाहून पोलरायझेशन ठरवणाऱ्याने ती आधी मोजणीतून वगळावी.

आणखी एक सूचना. काही अँटेनांच्या पुढच्या काड्या इंग्रजी एक्स अक्षरासारख्या फुली आकाराच्या असतात, आणि खालून पाहताना त्या आडव्या की उभ्या हे कळत नाही. अशा वेळी केबल जेथे जोडलेली असते तो डायपोल पाहावा. तो ज्या दिशेत पसरलेला असेल, तेच त्या अँटेनाचे पोलरायझेशन. मनोऱ्याकडे दुर्बिणीने पाहून काही कळेल अशी आशा मात्र ठेवू नये; मोठ्या केंद्रांवर माथ्याचे अँटेना फायबरग्लासच्या नळकांड्यात झाकलेले असतात.

दीर्घलहर

शिडीवाला यांनी यादीचा मार्ग सांगितला आहे आणि नव्वद टक्के लोकांना तेवढा पुरतो. परंतु केंद्रावरून काय सुटते हे यादी सांगते. आपल्या धुराड्यापाशी काय पोहोचते हे ती सांगू शकत नाही. डोंगराळ शहरात या दोन गोष्टी पुष्कळदा वेगळ्या असतात, म्हणून आपण मोजमाप करणार असाल तर ते अवश्य करावे, फक्त योग्य रीतीने करावे.

रेडिओलहरीतील विद्युत क्षेत्र ज्या दिशेत मागे-पुढे होते, ती त्या लहरीच्या पोलरायझेशनची दिशा. अँटेनाच्या काड्या त्या दिशेला समांतर असतील तर त्यांत पूर्ण विद्युतदाब निर्माण होतो आणि काटकोनात असतील तर तत्त्वतः काहीच निर्माण होत नाही. येथे ॲनालॉग-डिजिटल हा भेद कोठेही येत नाही. लहरीवर माहिती कशी चढवली आहे याच्याशी काड्यांना कर्तव्य नसते. प्रत्यक्षात चांगल्या यागी अँटेनाला (एका दांड्यावर काड्यांची रांग असलेल्या नेहमीच्या अँटेनाला) चुकीच्या पोलरायझेशनचा सिग्नल साधारण १५ ते २० डेसिबलने कमी मिळतो, म्हणजे शक्तीच्या हिशेबाने तीसाव्या ते शंभराव्या हिश्शाइतका. केंद्र जवळ असेल तर एवढा तोटा होऊनही डिजिटल चित्र व्यवस्थित दिसते, आणि त्या अँटेनावाल्याचे मत अशाच घरांच्या अनुभवावरून बनले असावे. सिग्नल जेथे बेताचा आहे तेथे ते मत टिकणार नाही.

आता मोजण्याची रीत. बहुतेक जण अँटेना आडवा धरतात, मग उभा धरतात आणि आकडा कोठे जास्त आला ते पाहतात. मी म्हणेन की जास्तीत जास्त सिग्नल शोधू नये, कमीत कमी शोधावा. अँटेना योग्य स्थितीपासून २० अंशांनी कलला तर तोटा जेमतेम अर्ध्या डेसिबलचा होतो आणि तेवढा तर वाऱ्याच्या झुळकीनेही होतो. ४५ अंशांवर तो ३ डेसिबल असतो. परंतु ७० अंशांवर तो ९ आणि ८० अंशांवर १५ डेसिबलपर्यंत जातो. म्हणजे शिखर पसरट आहे आणि दरी अरुंद व खोल आहे. दरी नेमकी सापडली की पोलरायझेशन तिच्याशी काटकोनात आहे हे निश्चित सांगता येते. शिवाय ती दरी किती खोल आहे यावरून सिग्नल किती स्वच्छ आहे हेही कळते, आणि माझ्या मते तोच या मोजमापाचा खरा लाभ आहे. केंद्राचा मनोरा सरळ दृष्टीपथात असेल तर दरी १५ डेसिबल किंवा त्याहून खोल मिळेल. ती चार-पाच डेसिबलचीच असेल तर आपल्यापर्यंत येणारा सिग्नल भिंती, छपरे आणि टेकड्या यांवरून परावर्तित होऊन आलेल्या अनेक लहरींची बेरीज आहे असे समजावे, कारण तिरक्या पृष्ठभागावरून परावर्तित होताना लहरीचे पोलरायझेशन फिरते.

यासाठी पुढील काळजी घ्यावी. प्रथम, ज्या चॅनेलवर मोजायचे तो दोन्ही केंद्रांपैकी एकाचाच असल्याची यादीवरून खात्री करून घ्यावी. चॅनेलच्या क्रमांकाला ८ ने गुणून त्यात ३०६ मिळवले की त्याची मध्य वारंवारता मेगाहर्ट्‌झमध्ये मिळते. उदाहरणार्थ चॅनेल २१ म्हणजे ४७४ आणि सध्याचा शेवटचा चॅनेल ४८ म्हणजे ६९० मेगाहर्ट्‌झ. डिजिटल टीव्हीचा सिग्नल ८ मेगाहर्ट्‌झ रुंदीच्या, सपाट माथ्याच्या पठारासारखा दिसतो. साध्या डाँगलमध्ये एका वेळी त्यातले दोन-अडीच मेगाहर्ट्‌झच दिसतील, परंतु तुलनेसाठी मधला तुकडा पुरेसा आहे.

दुसरे, डाँगलचे स्वयंचलित गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते प्रमाण) बंद करून ते हाताने एका ठिकाणी पक्के करावे; नाही तर सिग्नल कमी झाला की यंत्र स्वतःच गेन वाढवील आणि आपली दरी बुजवून टाकील. क्रॉसपूल आपल्याला फार जवळ आहे, म्हणून डाँगल अतिभाराने गुदमरत नाही ना हेही तपासावे. गेन ठरावीक डेसिबलने कमी केल्यावर आकडाही तितकाच उतरला पाहिजे. तो तितका उतरला नाही, तर गेन आणखी कमी करावे.

तिसरे, अँटेना लाकडी किंवा प्लास्टिकच्या दांड्यावर धरावा आणि त्याचे तोंड केंद्राकडेच ठेवून तो फक्त स्वतःच्या अक्षाभोवती फिरवावा. केबल अँटेनाच्या मागच्या बाजूने सरळ मागे न्यावी. ती खाली लोंबकळत राहिली तर तीच उभ्या पोलरायझेशनची काडी बनते. धातूची शिडी आणि स्वतःचे शरीर शक्यतो दूर ठेवावे.

चौथे, एकाच जागी मोजून थांबू नये. ६०० मेगाहर्ट्‌झला तरंगलांबी ५० सेंटिमीटर असते, आणि परावर्तित लहरींमुळे वीतभर सरकल्यावरही आकडा बदलतो. वीत-दोन वीत इकडेतिकडे आणि वरखाली सरकून पुन्हा मोजावे, आणि सर्व ठिकाणी दरी त्याच कोनात येते का ते पाहावे. हे सर्व घराबाहेर करायचे आहे, आणि तेही जितके उंचावर करता येईल तितके चांगले. खोलीत बसून घेतलेल्या आकड्यावरून फक्त त्या खोलीविषयी काही कळते.

वॉकलीकर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. दरी शोधण्याची कल्पना मला एकदम पटली. दोन शंका राहिल्या आहेत. एक, ४५ अंशांच्या प्रश्नाचे उत्तर अजून मिळालेले नाही. दुसरी, एकाच देशात काही केंद्रे आडवी आणि काही उभी ठेवण्याचे कारण काय? सगळी एकाच प्रकारची असती तर छपरावर चढणाऱ्यांचे कष्ट वाचले असते.

दीर्घलहर

दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण पहिलीचे उत्तर त्यातूनच निघते.

ब्रिटनमध्ये टीव्हीची अकराशेहून अधिक प्रक्षेपण केंद्रे आहेत आणि त्यांच्यासाठी उपलब्ध चॅनेल मोजके आहेत. त्यामुळे तोच चॅनेल क्रमांक काही अंतरावरच्या दुसऱ्या केंद्राला पुन्हा द्यावाच लागतो. मोठ्या क्षेत्राला सिग्नल पुरवणारी मुख्य केंद्रे आडवी आणि एखाद्या दरीपुरती किंवा गावापुरती असलेली सहायक केंद्रे उभी ठेवली, की दरीतल्या घराचा उभा अँटेना दूरच्या मुख्य केंद्राचा त्याच चॅनेलवरचा सिग्नल आपोआप पंधरा-वीस डेसिबलने दाबून टाकतो. काड्या फिरवण्याव्यतिरिक्त याला काहीही खर्च नाही. वारंवारतांचे नियोजन करणाऱ्यांना इतकी स्वस्त सोय दुसरी मिळाली नसती.

आडवे म्हणजे मुख्य आणि उभे म्हणजे सहायक हा संकेत यूएचएफच्या काळातला आहे, हे मात्र लक्षात ठेवावे. १९३६ मध्ये लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसवरून बीबीसीची नियमित सेवा सुरू झाली तेव्हा प्रक्षेपण उभे होते, आणि १९४९ मध्ये सुरू झालेले सटन कोल्डफील्डचे मोठे केंद्रही उभेच होते. जुन्या छायाचित्रांत धुराड्यांवर इंग्रजी एच अक्षराच्या आकाराचे अँटेना दिसतात, ते त्या काळचे. १९६४ मध्ये बीबीसी-टू यूएचएफवर आले ते आडव्या पोलरायझेशनने, आणि ४०५ रेषांची जुनी सेवा जानेवारी १९८५ मध्ये कायमची बंद झाली.

आता ४५ अंश. दोन परस्परभिन्न केंद्रे, एक आडवे व एक उभे, अशा स्थितीत तिरका अँटेना प्रत्येकाचा अर्धा सिग्नल घेतो, म्हणजे दोन्हींत ३ डेसिबलचा तोटा होतो. तेवढ्याने बिघडले नसते. परंतु पोलरायझेशनमुळे मिळणारे जे पंधरा-वीस डेसिबलचे संरक्षण होते ते आपण स्वतःच्या हाताने काढून टाकतो. शिवाय आपल्याकडे दोन्ही केंद्रे एका दिशेला नाहीतच. एक उत्तर-वायव्येला आहे आणि दुसरे नैर्ऋत्येला. अँटेनाचे तोंड दोघांच्या मध्ये ठेवून तो तिरका लावण्यात दोन्हीकडून नुकसान आहे. याचा आणखी एक त्रास म्हणजे टीव्हीने आपोआप ट्यूनिंग करताना दोन्ही केंद्रांचे सिग्नल पकडले, तर तीच वाहिनी दोनदा साठवली जाते आणि दुसरी प्रत आठशेच्या पुढच्या क्रमांकांवर जाऊन बसते. पुष्कळदा तर चांगला सिग्नल आठशेत जातो आणि वाईट सिग्नल पहिल्या क्रमांकावर राहतो.

सोलेंट_किनारी

साउथॅम्प्टनहून लिहिते आहे. वरील विवेचन योग्यच आहे, तरी मुख्य केंद्र म्हणजे आडवे हा संकेत आमच्याकडे अर्धाच लागू पडतो हे नोंदवावेसे वाटते. आइल ऑफ वाइट बेटावरचे रॉरिज हे आमचे मुख्य केंद्र २०१२ मध्ये ॲनालॉग बंद झाल्यापासून आडवे आणि उभे अशा दोन्ही पोलरायझेशनने प्रक्षेपण करते. या भागात जुने, आडव्या काड्यांचे अँटेना घरोघरी होते, त्यामुळे आडवे प्रक्षेपण बंद करणे शक्य नव्हते. परंतु समुद्रापलीकडून फ्रान्समधल्या केंद्रांचे सिग्नल येथवर पोहोचतात, आणि काड्या उभ्या केल्या की त्यांचा उपद्रव कमी होतो. बीबीसी, आयटीव्ही आदी सार्वजनिक सेवेच्या वाहिन्यांची मल्टिप्लेक्स (एकाच चॅनेलवर एकत्र पाठवलेले वाहिन्यांचे गट) दोन्ही पोलरायझेशनने सारख्याच शक्तीने मिळतात. व्यावसायिक मल्टिप्लेक्स मात्र उभ्या पोलरायझेशनने अधिक शक्तीने येतात. म्हणून नवा अँटेना बसवणाऱ्याने आमच्याकडे काड्या उभ्याच ठेवाव्यात असे मी प्रत्येकाला सांगते.

दीर्घलहर यांना एक विचारायचे आहे. अशा केंद्राच्या बाबतीत आपली दरी शोधण्याची पद्धत काय उत्तर देईल?

दीर्घलहर

तेथे ती नीटसे उत्तर देणार नाही, आणि तेच त्या केंद्राचे उत्तर असेल. आडवा आणि उभा असे दोन्ही घटक एकाच केंद्रावरून, एकाच वारंवारतेवर आले, की त्यांच्यातील कलांतर (एकाची कंपने दुसऱ्याच्या किती पुढे-मागे आहेत ते) जसे असेल त्याप्रमाणे बेरीज तिरकी सरळ, लंबवर्तुळाकार किंवा वर्तुळाकार होते. दोन्ही घटक जर मनोऱ्यावरच्या वेगवेगळ्या अँटेनांतून सुटत असतील, तर हे कलांतर श्रोत्याच्या दिशेनुसारही बदलते. त्यामुळे दोन गावांत दोन वेगळ्या कोनांवर दरी मिळेल, किंवा कोठे मिळणारच नाही. स्वच्छ, मोकळ्या जागी मनोरा समोर दिसत असूनही अँटेना अक्षाभोवती फिरवल्यावर आकडा फारसा बदलत नसेल, तर पोलरायझेशन वर्तुळाकाराच्या जवळचे आहे असे समजावे.

अमेरिकेत हा अनुभव अनेक शहरांत येऊ शकतो. तेथील नियमांत आडवे पोलरायझेशन हे प्रमाण मानले आहे, परंतु केंद्राची इच्छा असेल तर उजव्या वळणाचे वर्तुळाकार किंवा लंबवर्तुळाकार प्रक्षेपण करण्याची मुभा आहे, आणि त्यात उभ्या घटकाची शक्ती आडव्या घटकापेक्षा जास्त असता कामा नये अशी अट आहे. त्यामुळे तेथे काड्या आडव्या ठेवणाऱ्याचे सहसा चुकत नाही.

वेक्सफर्डहून

आयर्लंडमधील वाचकांसाठी थोडक्यात एवढेच, की येथे ब्रिटनचा संकेत मुळीच गृहीत धरू नये. डब्लिनजवळची थ्री रॉक आणि किप्युर ही केंद्रे आडवी आहेत, परंतु आमचे माउंट लेन्स्टर आणि क्लेअर परगण्यातील माघेरा ही मोठी मुख्य केंद्रे असूनही उभी आहेत. वेल्सच्या किनाऱ्यावरचे सिग्नलही आमच्या किनाऱ्यावर येत असल्याने एकाच छपरावर दोन अँटेना, एकाच्या काड्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या, हे दृश्य येथे नेहमीचे आहे.

गच्चीवरून_पुणे

मी अँटेनाविषयी अनभिज्ञ आहे. तरी उत्सुकतेपोटी विचारतो. आमच्या डिश अँटेनाला हे आडवे-उभे लागू होते का? सिंहगडावर दूरदर्शनचे सहक्षेपण केंद्र सुरू झाले त्या काळापासून आमच्या वाड्यावर आडव्या काड्यांचा अँटेना होता, त्यानंतर केबल आली आणि आता डिश आहे. डिश कधी कोणी आडवी-उभी केल्याचे पाहिले नाही.

शिडीवाला

लागू होते, पण ते काम आपल्या नकळत होते. उपग्रह बहुधा दोन्ही पोलरायझेशनने वेगवेगळ्या वाहिन्या पाठवतो आणि डिशच्या तोंडाशी असलेल्या एलएनबीत, म्हणजे सिग्नल पकडणाऱ्या डबीत, एकमेकींशी काटकोनात असलेल्या दोन लहानशा काड्या असतात. सेट-टॉप बॉक्स केबलमधून १३ व्होल्ट पाठवतो तेव्हा उभी काडी कामाला लागते आणि १८ व्होल्ट पाठवतो तेव्हा आडवी. बसवणाऱ्याने एलएनबी पकडीत थोडा फिरवून ठेवलेला असतो, कारण उपग्रहाच्या दृष्टीने जे उभे ते आपल्या गावाच्या क्षितिजाशी नेमके काटकोनात असतेच असे नाही. डिशचा विषय स्वतंत्र आहे. हवा असल्यास वेगळा धागा सुरू करावा.

वॉकलीकर

काल दुपारी मोजमापे घेतली, त्यांचा वृत्तान्त देतो. मागच्या अंगणात बांबूच्या लांब काठीला अँटेना बांधला, केबल मागे नेली आणि सांगितल्याप्रमाणे गेन पक्के केले. क्रॉसपूलसाठी ते जवळजवळ तळापर्यंत कमी करावे लागले, तेव्हा कोठे आकडे गेनच्या प्रमाणात उतरू लागले.

एम्ली मूरच्या तीन चॅनेलवर दरी स्पष्ट मिळाली. काड्या उभ्या केल्या की आकडा १५ ते १७ डेसिबलने खाली जात होता, आणि वीत-दीड वीत सरकूनही दरी त्याच कोनात येत होती. म्हणजे पोलरायझेशन आडवे, आणि यादीही तेच सांगते.

क्रॉसपूलचे मात्र कोडे झाले आहे. सिग्नल एम्ली मूरपेक्षा कितीतरी जोरदार आहे, आणि काड्या उभ्या ठेवल्यावर तो जास्त आहे हेही खरे. परंतु काड्या आडव्या केल्यावर तो जेमतेम ५ डेसिबलने उतरतो. एका जागी दरी बरोबर आडव्या स्थितीत मिळाली, तर काठी हातभर डावीकडे नेल्यावर ती साधारण ६० अंशांवर सरकली. अँटेना बिघडलेला नाही, कारण त्याच अँटेनाने एम्ली मूरची दरी व्यवस्थित दाखवली. मग क्रॉसपूलचे पोलरायझेशन खरोखर उभे आहे का?

दीर्घलहर

उभेच आहे. आपण घेतलेले आकडे अतिशय उपयुक्त आहेत, आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यांतच आले आहे. घर उत्तरेच्या उतारावर आहे, म्हणजे क्रॉसपूलचा मनोरा टेकडीच्या माथ्यामागे, नैर्ऋत्येला राहतो. एम्ली मूरची दिशा मात्र उताराच्या बाजूने मोकळी आहे. जवळच्या केंद्राचा सिग्नल आपल्याकडे माथा ओलांडून आणि वरच्या ओळीतल्या घरांच्या भिंती-छपरांवर आपटून येतो आहे. त्याची शक्ती भरपूर आहे, परंतु त्याचे पोलरायझेशन वाटेतच विस्कटले आहे. जागा बदलली की दरी सरकते, हे त्याचेच लक्षण. अठ्ठावीस किलोमीटरवरून येणारा एम्ली मूरचा सिग्नल क्षीण असला तरी एकाच मार्गाने, सुटला तसाच येतो आहे.

टीव्हीच्या पडद्यावर सिग्नलची ताकद आणि गुणवत्ता अशा दोन पट्ट्या असतात, त्यांतली पहिली पाहून निवड केली असती तर क्रॉसपूल निवडले गेले असते. गुणवत्तेच्या पट्टीने पाहाल तर एम्ली मूर वरचढ ठरण्याची शक्यता अधिक आहे. हे आकडे जमिनीजवळचे आहेत. धुराड्याच्या उंचीवर क्रॉसपूलची स्थिती काहीशी सुधारेल, आणि आपल्या काही शेजाऱ्यांचे त्यावर उत्तम चालत असेल. तरीही निवड माझ्याकडे असती तर मी आडव्या काड्या आणि उत्तर-वायव्य दिशा हेच निवडले असते. सहायक केंद्रांपैकी बहुतेकांवर सार्वजनिक सेवेची तीनच मल्टिप्लेक्स असतात, मुख्य केंद्रावर व्यावसायिकही मिळतात, हाही सामान्यतः मुख्य केंद्राच्या बाजूचा मुद्दा आहे. आपल्या पोस्टकोडच्या निकालात तो एकदा पडताळून पाहावा.

शिडीवाला

मीही एम्ली मूरच्याच बाजूने मत देतो, आणि त्यात बसवण्याच्या दृष्टीनेही सोय आहे. आडव्या काड्यांचा अँटेना धातूच्या उभ्या खांबावर कोठेही पकडला तरी खांब काड्यांना काटकोनात राहतो, त्यामुळे तो फारसा आड येत नाही. काड्या उभ्या असत्या तर खांब त्यांना समांतर आला असता आणि अँटेनाच्या मधोमध पकड घेतल्यास त्याने ग्रहणाची दिशाच बिघडवली असती. म्हणून उभा अँटेना नेहमी परावर्तकाच्या (सिग्नल पुढे परतवणाऱ्या मागच्या भागाच्या) मागे, अगदी शेवटच्या टोकाला पकडतात किंवा आडव्या हाताने खांबापासून दूर धरतात. आपल्या रस्त्यावर नैर्ऋत्येकडे वळलेल्या अँटेनांपैकी एखादा मधोमध पकडलेला दिसला, तर त्या घरी क्रॉसपूल कसे दिसते हे मुद्दाम विचारून पाहावे.

अँटेना चढवण्यापूर्वी पोटमाळ्यातल्या केबलचे टोक नव्याने सोलून घ्यावे आणि आतली तांब्याची जाळी काळी पडलेली नाही ना ते पाहावे. पाणी शिरलेल्या केबलमध्ये होणारा तोटा पोलरायझेशन चुकल्याइतकाच मोठा असू शकतो. ट्यूनिंग आपोआप न करता एम्ली मूरचे चॅनेल क्रमांक एकेक करून हाताने द्यावेत, म्हणजे क्रॉसपूलच्या प्रती यादीत शिरणार नाहीत. धुराडे जुन्या विटांचे असेल तर खांबाचा पट्टा घट्ट करताना सांध्यांतला चुना सुटत नाही ना, हे आधी हाताने चाचपून पाहावे, आणि शिडी धरायला खाली कोणीतरी असल्याशिवाय वर जाऊ नये.